कॉटरीचा धूर: यंत्र मिळेपर्यंत भिंतीवरचे सक्शन पुरेल का?

प्रश्न (ओटी म्हणजे शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, तालुक्याच्या गावातील रुग्णालय)
आमच्याकडे जवळपास प्रत्येक शस्त्रक्रियेत कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने ऊती कापणारे आणि रक्तस्राव थांबवणारे उपकरण, वापरली जाते. स्तनाच्या किंवा पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत धूर इतका होतो की टेबलापाशी उभ्या असलेल्या सर्वांचे डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळपर्यंत डोके जड होते. धूर ओढणारे यंत्र मागितले असता, ओटीची हवा सतत बदलत असते आणि सर्वांनी मास्क लावलेलाच असतो, असे व्यवस्थापनाने सांगितले. हे म्हणणे कितपत ग्राह्य आहे? यंत्र येईपर्यंत भिंतीवरच्या सक्शनवर काम भागवता येईल का?

उत्तर (बायोमेडिकल अभियंता)
ताई, ताशी २० वेळा हवा बदलली तरी धूर आधी टेबलावर वाकलेल्या माणसाच्या नाकासमोरून जातो आणि मगच खोलीत विरतो. त्यामुळे पहिला युक्तिवाद टिकत नाही. साधा मास्क आपल्या तोंडातील तुषार जखमेत जाऊ नयेत यासाठी असतो आणि त्याच्या कडांमधून हवा आत येतच राहते. कॉटरीच्या धुरातील कण सरासरी ०.०७ मायक्रॉन इतके सूक्ष्म असतात. एन-९५ मास्क त्यांतील बहुतांश कण अडवतो, परंतु बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखे वायू त्यातून आरपार जातात. धुराचा सुमारे ९५ टक्के भाग पाण्याची वाफ असतो, हे ऐकून निश्चिंत होणाऱ्यांनी उरलेल्या ५ टक्क्यांत काय असते हेही पाहावे.

भिंतीवरचे सक्शन रक्त आणि द्रव ओढण्यासाठी बनवलेले असते. त्याची खेच जोरदार वाटली तरी त्यातून जाणारी हवा फार थोडी असते, म्हणून ते किरकोळ धुरापुरतेच उपयोगी पडते. ते वापरताना सक्शनची बाटली आणि भिंतीवरची जोडणी यांच्यामध्ये फिल्टर बसवलाच पाहिजे, नाहीतर धुरातील मळ पाइपलाइनमध्ये साचतो. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार नळीचे तोंड धूर निघतो त्या जागेपासून २ इंचांच्या, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटरच्या, आत असावे. हे अंतर पाळले नाही, तर महागडे यंत्रसुद्धा कोपऱ्यात नुसते घुरघुरत राहते.

उत्तर (शल्यचिकित्सक)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र व्यवस्थापनाकडे जाताना अतिशयोक्ती टाळावी. ‘एक शस्त्रक्रिया म्हणजे सहा सिगारेटी’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ १९८१ च्या एका जपानी प्रयोगात असून, कॉटरीने जाळलेल्या एक ग्रॅम ऊतीच्या धुराची जनुकीय बदल घडवण्याची क्षमता त्यात सिगारेटींशी ताडून पाहिली होती. संपूर्ण शस्त्रक्रियेचा तो हिशेब नव्हे. विषाणूंच्या बाबतीत, लेझरने चामखिळी काढणाऱ्या डॉक्टरांच्या स्वरयंत्रात पॅपिलोमाच्या (विषाणूमुळे होणाऱ्या, चामखिळीसारख्या) गाठी आढळल्याची मोजकी उदाहरणे नोंदलेली आहेत. दीर्घकालीन कर्करोगाचा धोका निर्विवाद सिद्ध झालेला नसला, तरी डोळ्यांची आणि श्वसनमार्गाची जळजळ हेच यंत्र मागण्यासाठी पुरेसे कारण आहे, असे मी मानतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने २०१८ मध्ये धूर ओढणारी व्यवस्था कायद्याने बंधनकारक केली, हा दाखला अर्जात जरूर द्यावा.

अडचण आम्हा सर्जनांकडूनही येते, हे मान्य करावे लागेल. सक्शन जोडलेली कॉटरी पेन्सिल (कॉटरीचा हातात धरायचा भाग) थोडी जड लागते, यंत्राचा आवाज होतो आणि मग कोणीतरी ते बंद करायला सांगतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे, सर. अशी पेन्सिल सध्या आमच्याकडे नाही. मग नळी धरायची कोणी?

उत्तर (ओटी इनचार्ज सिस्टर)
पहिल्या सहायकाने धरावी, आणि हे शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, कारण ऐन रक्तस्रावात त्याचा हात दुसरीकडे गुंतलेला असतो. रक्तासाठी एक आणि धुरासाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र नळ्या ठेवाव्यात. फिल्टर कधी बदलला याची नोंद रजिस्टरमध्ये करावी आणि वापरलेला फिल्टर दूषित समजून हातमोजे घालूनच काढावा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत धूर पोटातच कोंडलेला असल्यामुळे तो कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटी ट्रोकारची (पोटात उपकरणे घालण्याच्या नळीची) तोटी उघडून, पोट फुगवण्यासाठी भरलेला गॅस धुरासह खोलीत सोडण्याची सवय सर्वत्र दिसते. त्याऐवजी तोटीला फिल्टर असलेली सक्शनची नळी जोडून पोट हळूहळू रिकामे करावे आणि त्यानंतरच ट्रोकार काढावेत.