अमेरिकी महाविद्यालयीन आइस हॉकी: राष्ट्रीय स्पर्धेत एकाच सामन्यावर निर्णय योग्य आहे का?

प्रश्न
एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात आणि पहिल्या फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत प्रत्येक लढतीचा निकाल एकाच सामन्यात लागतो. ऑक्टोबरपासून सातत्याने जिंकत आलेला संघ त्यामुळे एका संध्याकाळी बाहेर पडतो. 2006 मध्ये ग्रँड फोर्क्स येथे होली क्रॉस महाविद्यालयाने बलाढ्य मिनेसोटा विद्यापीठाला जादा वेळेत 4-3 असे हरवले. त्या विजयाचे मोल मला मुळीच कमी करायचे नाही, परंतु ज्या खेळात कुणाच्या तरी स्केटला लागून पक (खेळातील रबरी चकती) दिशा बदलते आणि गोल होतो, तिथे तीन सामन्यांची मालिका अधिक न्याय्य ठरणार नाही का? अनेक कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटांच्या) स्वतःच्या स्पर्धांत सुरुवातीला अशा मालिका होतातच.

उत्तर 1
2013 चे उदाहरण पाहावे. येल विद्यापीठाला त्या वर्षी अगदी शेवटच्या जागांपैकी एक मिळाली होती आणि क्विनिपियाकने त्याच हंगामात त्यांना तीनही वेळा हरवले होते. तरीही येलने मिनेसोटा, नॉर्थ डकोटा आणि मॅसॅच्युसेट्स लोवेल यांना मागे टाकले आणि अंतिम सामन्यात त्याच क्विनिपियाकला 4-0 असे नमवले. मालिका असती तर येल बहुधा इतके पुढे आले नसते, हे मला मान्य आहे. पण चार वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांना सलग हरवणे याला केवळ नशीब म्हणणे मला पटत नाही. गोलरक्षक ऐन वेळी भरात असणे हीसुद्धा संघाची गुणवत्ताच आहे.

उत्तर 2
मालिकेचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. 1948 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पहिली स्पर्धा झाली तेव्हा चारच संघ होते, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. पुढे संघ वाढले, 1980 च्या दशकात दोन सामन्यांतील एकूण गोलांवर निर्णय होत असे, आणि 1991 पर्यंत सुरुवातीच्या फेऱ्यांत विद्यापीठांच्या रिंकवर तीन सामन्यांच्या मालिकाही झाल्या. माझ्या मते खरा अन्याय एकाच सामन्याचा नसून मैदानाचा आहे. विभागीय सामने, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या, तटस्थ ठिकाणी होतात असे म्हटले जाते, पण यजमान संघ पात्र ठरला तर त्याला आपल्याच विभागात खेळवले जाते. 2025 मध्ये पेन स्टेटने ॲलनटाउन येथे यजमान म्हणून दोन्ही सामने जिंकले आणि प्रथमच फ्रोझन फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांची फेरी, गाठली. त्यांनी ते यश खेळूनच मिळवले, यात शंका नाही. तथापि घरच्या प्रेक्षकांचा आधार हंगामभर कमावलेल्या मानांकनामुळे मिळावा, यजमानपदामुळे नव्हे. पहिली फेरी वरच्या मानांकनाच्या संघाच्या रिंकवर खेळवली, तर मालिकेची गरज पुष्कळ कमी होईल.

उत्तर 3
एक सामना म्हणजे घाईचा निकाल असे समजू नये. नियमित हंगामात जादा वेळेत तीन-तीन खेळाडू पाच मिनिटे खेळतात. येथे मात्र गोल होईपर्यंत पूर्ण संख्येने वीस-वीस मिनिटांची सत्रे चालतात. 2021 मध्ये फार्गो येथे मिनेसोटा डुलूथने नॉर्थ डकोटाला पाचव्या जादा सत्रात 3-2 असे हरवले. या स्पर्धेतील तो सर्वांत लांबलेला सामना आहे.

प्रश्नकर्ता
मैदानाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मालिकेचा आग्रह मी सोडतो. पहिली फेरी मात्र विद्यापीठांच्या रिंकवर परतावी, असे आता मलाही मनापासून वाटते.