रीबेचे काचमणी: तडे का जातात, आणि अकीकाची पाटी

दांडियाबाजार:
बडोद्यातल्या प्रदर्शनासाठी ८ व्या शतकातल्या रीबे (डेन्मार्क) गावचे काचमणी गॅस टॉर्चच्या ज्योतीवर करून दाखवायचे आहेत. काच निळ्या बाटलीची, रेघांसाठी विकतची पांढरी काचेची कांडी. मणी, ज्या सळईभोवती काच गुंडाळतो तिला चिकटतात आणि रात्रभरात रेघेपाशी तडकतात. शिवाय स्वीडनमधल्या बिरका या व्हायकिंग काळातल्या व्यापारी गावाच्या थडग्यांतले लाल अकीकाचे मणी गुजरातेतल्या खंबायतचे, अशी पाटी लावावी का?

काचभट्टी:
चिकटतात ते, मणी सुटावा म्हणून सळईला लावतात तो लेप नीट नसल्यामुळे. केओलिन (पांढरी चिनी माती) आणि अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड) वजनाने निम्मे-निम्मे, दह्याइतके दाट कालवा. सळई बुडवून उभी वाळवा. ओल राहिली तर वाफेने लेप उडतो.

तडा मात्र कांडीमुळे. विकतची मऊ कांडी बाटलीच्या काचेपेक्षा जास्त आकसते. दोन्ही काचा न मिसळता शेजारी-शेजारी वितळवून जोडा आणि केसासारखी तार ओढा. गार झाल्यावर ती वाकली की जोडी जमत नाही.

पांढऱ्यासाठी रीबेची युक्तीच वापरा, ती फार सुंदर आहे. तिथले कारागीर मोझेकचे (भिंतीवरच्या काचचित्राचे) सोन्याचा वर्ख असलेले काचतुकडे आणून त्यांवरचे सोने सोडवत, काच कुटत, कमी उष्णतेवर वितळवून ढवळत. अडकलेल्या बुडबुड्यांनी ती पांढरी दिसे. तुम्ही बिनरंगी बाटली कुटून घ्या, मास्क लावून. आच वाढली की बुडबुडे निघून जातात आणि काच पुन्हा पारदर्शक होते, बहुतेकांचं इथेच बिघडतं.

दांडियाबाजार:
मणी गरम राखेत पुरले तर चालेल?

काचभट्टी:
तेवढ्याने ताण जात नाही. १ सेंमीपर्यंतचे मणी छोट्या भट्टीत ५५० अंशांवर अर्धा तास ठेवा, तासाभरात ४०० वर आणा, मग भट्टी बंद करून आतच गार होऊ द्या.

अकीकवाला:
पाटीबद्दल. लाल रंगावरून मूळ ठरवू नका. गुजरातेतल्या रतनपूरचा पिवळट अकीक दगड मडक्यात घालून शेण्यांच्या आगीत तापवला की लोहाच्या संयुगातले पाणी उडून लाल होतो, पण लाल अकीक इराणकडेही होता. भोक पाहा: खंबायतला हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने (हाताने फिरवायच्या छिद्रकाने) दोन्ही बाजूंनी पाडतात, कारण एकाच बाजूने आरपार नेलं की बाहेर पडताना कपचा उडतो. भोकाचा सिलिकॉन साचा घेतला तर आतले ओरखडे वाचता येतात.

तोवर पाटीवर ‘पूर्वेकडून, अरबी चांदीच्या व्यापारमार्गाने’ लिहा. आपल्या उपखंडाचा ठोस पुरावा हवा असेल तर बिरकाजवळच्या हेल्ग्यो बेटावर सापडलेल्या, वायव्येकडच्या ६ व्या शतकातल्या बुद्धमूर्तीचे छायाचित्र शेजारी लावा.