सावलीतल्या बाल्कांवासाठी कुंड्या आणि टांगती रोपं: सल्ला हवा

फोंड्याची_सून
नमस्कार मंडळी. घर गोव्यात फोंड्याला, जुनं कौलारू. बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची पडवी, उत्तरेला, समोर मोठा फणस, त्यामुळे दिवसभर सावलीच. सहा कुंड्या खाली मावतील, चार वाशाला टांगायच्यात. बजेट दीड हजार, माती-कुंड्या धरून. गेल्या वर्षी फुलांनी लगडलेली पिटुनिया आणली होती. तीन आठवड्यांत फुलं संपली, नुसत्या लांबट काड्या लोंबत राहिल्या. सासूबाईंना फुलं हवीत, तीही अबोली. पाऊस लागायच्या आत लावायचंय. काय घेऊ?

चाफेकळी
पिटुनियाला पाच-सहा तास ऊन लागतं हो, सावलीत ती नाहीच येत. अँथुरियम घ्या. माझ्याकडे अकरा आहेत, एकेक फूल दीड-दोन महिने टिकतं. लाल रंगाचं साडेचारशेला मिळालं, पांढरं जरा महाग. अबोलीचा नाद सोडा.

म्हापशेकर_जुना
ताई, दीड हजारात काही होत नाही. मी साडेसहा हजारांचा लोखंडी स्टँड करून घेतला, त्यावर अठरा कुंड्या बसतात. रोपं शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघा, पण सकाळी लवकर जा. उन्हं चढली की रोपं माना टाकतात.

रानवाट
त्यांनी दीड हजार सांगितलेत, त्यातच बसवू या. टांगायला मनी प्लांट, स्पायडर प्लांट, सिंगोनियम. तिन्ही कुणाच्याही अंगणातून फुकट मिळतील. मनी प्लांटची फांदी घेताना पेर असलेली घ्या, मूळ पेरालाच फुटतं. चौथ्या कुंडीत बोस्टन फर्न. पावसात ते बघत राहावं असं वाढतं, मे महिन्यात मात्र पानांची टोकं करपतात, तेव्हा रोज पाणी फवारा. रंग हवा तर रेक्स बिगोनिया, पण पानांवर पाणी साचू देऊ नका.

डिचोलीचा_माळी
रोपांचं नंतर, आधी वासे बघा. मी मातीची मोठी कुंडी टांगली होती. पहिल्याच पावसात भिजून एवढी जड झाली की हुकासकट खाली आली. फरशीचा तुकडा उडाला, नातू दोन हात लांब होता. त्या दिवसापासून माझ्याकडे टांगायला फक्त काथ्याच्या टोपल्या.
आणि पावळीखाली काही टांगू नका. आपल्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. कौलांवरची धार माती पार खणून काढते. लाल माती एक भाग, शेणखत एक भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. नुसतं कोकोपीट भरलंत तर पावसाळ्यात मुळं कुजतील.

पेडण्याची_लेक
आमच्या आंब्याच्या खोडाला सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) आहे, मे अखेरीला वीतभर तुरे लोंबतात! तीच लावा. रानात कितीतरी असते.

रानवाट
रानातून आणायला कृपा करून सांगू नका. अभयारण्यातलं रोप उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय तिला चांगला उजेड लागतो, एवढ्या सावलीत फुलणार नाही.

पेडण्याची_लेक
आमची आजीच्या वेळची आहे, आम्ही कुठून चोरून आणलेली नाही. बरं, फर्नचा गड्डा हवा असेल तर माझ्याकडून न्या.

चाफेकळी
मनी प्लांट लावा, फुकट मिळतो. आणि अँथुरियम.

डिचोलीचा_माळी
घरात लहान मूल असेल तर डिफेनबाखिया नको. पान चावलं तर तोंड सुजतं. मनी प्लांट आणि अँथुरियमही त्याच कुळातले, हात पोहोचणार नाही असे ठेवा. खालच्या ताटल्यांत पाणी साठवू नका, डास होतात. पावसात शंखगोगलगायी येतील, रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

रानवाट
अजून एक. आपण १५ अंश अक्षांशावर. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला झुकलेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कांवातही या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. सप्टेंबरनंतर ते जातं. एक दिवस खडूने खुणा करून बघा.

फोंड्याची_सून
खुणा केल्या. पूर्वेच्या कोपऱ्यात, पायरीच्या कडेला, फणसाच्या फांदीखालून सात ते साडेआठ ऊन येतं. हे मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं, आभार.
वाशाला मनी प्लांट दोन, स्पायडर एक, फर्न एक, चारही काथ्याच्या टोपलीत, पावळीपासून हातभर आत. खाली सिंगोनियम दोन, बिगोनिया तीन. अँथुरियम नाही घेतलं.
आणि त्या कोपऱ्यात अबोली. तुम्ही नको म्हणालात, तरी. सासूबाई आजवर घरच्याच अबोलीचे वळेसर (गजरे) माळत आल्या, अंगणातली झाडं गटाराच्या खोदकामात गेली. त्यांनी वाळलेली कणसं डबीत जपून ठेवली होती. काल त्यावर पाणी शिंपडलं तर टचटच फुटून बिया थेट ओटीपर्यंत उडाल्या. त्या खाली बसून एकेक वेचत होत्या. सप्टेंबरनंतर ऊन गेलं की कुंडी तुळशीवृंदावनाजवळ नेईन. फुलं कमी आली तरी चालतील.
एकूण खर्च १,३८० रुपये. पेडण्याच्या ताई, फर्न अजून विकत घेतलेलं नाही. रविवारी तुमच्याकडे गड्डा न्यायला येऊ का?