मुलीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) निघालंय, मग इम्युनिटी वाढवायची की दाबायची?

चाफा: मुलगी १३ वर्षांची. एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा, लाल रंग विटल्यासारखा दिसतो म्हणायची. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढलं, त्यात अँटिबॉडींचे बँड्स पॉझिटिव्ह, एमएस सांगितलं. स्टेरॉइडनंतर नजर बरीच आलीये. आता सासूबाई म्हणतात पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडली, गुळवेलीचा काढा दे, आणि डॉक्टर म्हणतात प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू करू. कोणाचं ऐकू??

कट्टेकरी: ताई काढा अजिबात नको. प्रतिकारशक्ती कमी नाहीये तिची, भलतीकडे वळलीये. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी मेंदूत शिरून नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणाला परकं समजतात, बी पेशी त्यांना चिथावतात. लहान मुलांत ही सूज मोठ्यांपेक्षा जोरात असते त्यामुळे अ‍ॅटॅकही जास्त येतात, पण भरूनही लवकर येतं, मग घरच्यांना वाटतं झाली की बरी, औषध कशाला. तिथेच लोक फसतात. आणि गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरचा त्रास झाल्याचं मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलंय, तोही ऑटोइम्युन प्रकारचा. सासूबाईंना हे सांगा.

निशिगंध: एमओजी (मायलिनवरचं एक प्रथिन) अँटिबॉडीची रक्ततपासणी झाली का? मुलांत त्या अँटिबॉडीचा आजार डिट्टो एमएससारखा दिसतो, पण त्यात बँड्स सहसा नसतात आणि एमएसची काही औषधं त्यात चालत नाहीत.

चाफा: हो केली, निगेटिव्ह. पण इतक्या लहान वयात हे झालं कशाने? माझं काही चुकलं का?

निशिगंध: काही चुकलं नाही हो. ईबीव्ही (एपस्टाइन-बार) नावाच्या व्हायरसवर मोठा संशय आहे, अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या २०२२ च्या अभ्यासात त्या इन्फेक्शननंतर धोका ३२ पट दिसला. पण तो बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो, एमएस मात्र फार थोड्यांना, म्हणजे जीन्स, व्हिटॅमिन डी असं बरंच काही जुळून यावं लागतं.

चाफा: बरं वाटलं वाचून. डॉक्टर फिंगोलिमॉड म्हणतायत.

कट्टेकरी: ते लिम्फोसाइट्सना, म्हणजे त्याच टी-बी पेशींना, लिम्फच्या गाठींमध्येच अडकवून ठेवतं, मेंदूपर्यंत पोचूच देत नाही. अमेरिकेत २०१८ पासून १० वर्षांवरच्या मुलांना मान्य आहे, ट्रायलमध्ये इंटरफेरॉन या एमएसच्या जुन्या इंजेक्शनच्या तुलनेत अ‍ॅटॅक ८२% कमी आले. फक्त सुरू करायच्या आधी कांजिण्यांच्या अँटिबॉडी तपासून घ्या, नसतील तर लस आधी, कारण ती जिवंत लस आहे, औषध चालू असताना देत नाहीत. पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावू शकते म्हणून ६ तास बसवून ठेवतात, डबा घेऊनच जा.