जॉबवर्क शोधताना फाउंड्री विसरू नका

जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे भाग आपल्या मशीनवर करून देण्याचं काम, मिळवायला ऑनलाइन लिस्टिंगवर पैसे भरून चौकशांशिवाय काही हाती लागत नाही, अशी तक्रार ऐकली. दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) असलेल्या छोट्या वर्कशॉपवाल्याने आधी जवळच्या फाउंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) जावं, असं मला वाटतं. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगावला बऱ्याच फाउंड्रींकडे गिऱ्हाईक आता कच्चं नाही, मशिनिंग केलेलं कास्टिंग (ओतीव भाग) मागतं. फाउंड्रीची स्वतःची मशीन भरली की ते काम बाहेर जातं.

जाताना ब्रोशर नको. त्यांचंच एखादं ड्रॉइंग मागून घ्या, सॅम्पल करून द्या आणि सोबत प्रत्येक मापाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडा. मालकापेक्षा क्वालिटीवाल्या साहेबांना पटलं पाहिजे!

दर ठरवतानाच एक गोष्ट लेखी घ्या: मशिनिंगनंतर आत ब्लोहोल (ओतताना गॅस अडकून राहिलेलं भोक) निघालं तर तोवरच्या कामाचे पैसे मिळणार का? बोअर (भागातलं मापाचं गोल छिद्र) फिनिश होत आला की नेमकं तेव्हाच ब्लोहोल दिसतं, आणि भांडण तिथंच होतं. चिप्स (मशिनिंगमध्ये निघणारा धातूचा कीस) कोणाच्या, तेही विचारा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. लेखी करार असला तरी पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत, असा सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी कायदा आहे. पहिल्याच बिलाला तो दाखवू नका एवढंच.