क्लस्टर डोकेदुखी: रुग्णांच्या गटात पर्यायी उपचारांवर बोलू द्यावं का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या क्लस्टर डोकेदुखीच्या काही रुग्णांनी मिळून फोनवर एक छोटा गट केला आहे. गेल्या आठवड्यात त्यात जोरदार वाद झाला. एकाने विचारलं, नस्य (आयुर्वेदात नाकात औषधी तेल सोडतात ते) घेऊ का? दुसऱ्याने व्हिटॅमिन डीच्या मोठ्या मात्रेबद्दल लिहिलं. त्यावर तिसरा म्हणाला, गट फक्त धीर द्यायला ठेवा, उपचारांचं नावच काढू नका, उद्या कोणाच्या जिवावर बेतेल. मला ही बंदी मान्य नाही. का ते सांगतो.

ज्यांनी हा आजार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे, तापलेली सळई खुपसावी तशी कळ. १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालते. त्या बाजूचा डोळा लाल होऊन गळतो, पापणी उतरते, नाक चोंदतं. अर्धशिशीवाला अंधारात पडून राहतो, यात मात्र माणसाला पडवतच नाही. येरझारा घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. दिवसाआड एकदापासून दिवसातून ८ वेळांपर्यंत झटके येतात, बरेचदा रात्री झोप लागल्यावर तासा-दीड तासात, रोज त्याच वेळी. काही आठवडे ते दोन-तीन महिने हे चक्र चालतं आणि मग आपोआप थांबतं. साधारण हजारात एकाला होतो.

आपल्याकडे याला पित्त म्हणतात, ऊन लागलं म्हणतात, सायनस म्हणतात. चांगल्या दाढा काढल्या जातात. गावात बाहेरचं लागलं म्हणून उतारा होतो, काही ठिकाणी कपाळावर डागही देतात. या सगळ्यातून गेलेल्या माणसाला 'मलापण हेच होतं, रात्री दीडलाच होतं' असं सांगणारा दुसरा माणूस भेटला की त्याचा निम्मा भार उतरतो. तो वेडा नाही, नाटक करत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळतं.

आणि आमच्यातल्या बहुतेकांना ऑक्सिजनचं कोणी सांगितलं? दुसऱ्या रुग्णाने. मला भुसावळच्या एका रेल्वेवाल्या दादांनी सांगितलं, 'डॉक्टरांना ऑक्सिजनचं विचार.' तोवर माझ्या कुठल्याच कागदावर तो शब्द नव्हता. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत मिनिटाला १२ लिटर शुद्ध ऑक्सिजन १५ मिनिटं दिला, तेव्हा ७८ टक्के झटके थांबले किंवा पुरेसे उतरले. साध्या हवेने हे प्रमाण २० टक्के होतं. हा काही पर्यायी उपचार नाही, न्यूरॉलॉजीच्या पुस्तकातला पहिला उपचार आहे. पण आमच्या तालुक्यात भगत पायी जाऊन भेटतो आणि ऑक्सिजनसाठी वणवण करावी लागते. गटात उपचारांवर बोलायचं नाही असं ठरवलं, तर सगळ्यात आधी ऑक्सिजनची चर्चा बंद होईल. नस्य, लेप, पुड्या यांची माहिती तर बाजारच्या दिवशीही मिळते.

मेडिकलवाला_धुळे

दादा, ऑक्सिजनबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. बाकी मुद्द्यावर तीव्र विरोध.

काउंटरवर उभं राहून मी जे बघतो ते तुमच्या गटात दिसत नसेल. व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. कोणीतरी मोबाइलवर वाचतो की परदेशातले क्लस्टरचे रुग्ण रोज १० हजार युनिट घेतात, आणि मग ही ६० हजारांची पुडीच रोज घ्यायला लागतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं. आपल्या भागात आधीच उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण कमी आहेत का? दुसरं उदाहरण स्टेरॉइडचं. प्रेडनिसोलोनने चक्र दबतं हे खरं आहे, २०२१ मध्ये त्याच्याच जातीच्या प्रेडनिसोनची नीट चाचणीही झाली. पण ती डॉक्टरांनी दिलेल्या मोजक्या दिवसांची आणि उतरत्या मात्रेची गोष्ट. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून दर हंगामात पुन्हा घेतात. साखर वाढते, खुब्याचं हाड खराब होतं.

आणि सगळ्यात मोठी फसगत तुम्ही स्वतःच लिहिली आहे. चक्र आपोआप थांबतं. मग शेवटच्या आठवड्यात ज्याचा हात लागला त्याला श्रेय मिळतं. उतारा केला त्याला, काढा दिला त्याला, पुडी दिली त्याला. शंभर रुग्णांचे प्रामाणिक अनुभव गोळा केले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण चुकण्याचं कारण सगळ्यांत सारखंच आहे. गटात अनुभव सांगा, पण उपायाचं नाव नको.

सातपुडा_पायथा

मी नंदुरबारचा, घरचा व्यवसाय मिरचीचा. आमच्याकडे गेल्या चक्रात काय झालं ते सांगतो, म्हणजे बंदीवाल्यांना आणि मोकळीकवाल्यांना दोघांनाही विचार करता येईल.

माझ्या चुलतभावाला कोणीतरी सांगितलं की मिरचीने क्लस्टर जातं. सांगणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. मिरचीतल्या कॅप्सेसिनचे नाकात लावायचे छोटे प्रयोग १९९० च्या दशकात झाले होते आणि काही रुग्णांचे झटके कमी झाले होते. पण ते मोजून तयार केलेलं औषध होतं. भावाने बाजारातली तिखटाची पूड तेलात कालवून नाकात सोडली. नाक सुजलं, रक्त आलं आणि त्या रात्रीचा झटकाही आलाच.

ही गोष्ट मी गटात सांगितली म्हणून दुसऱ्या दोघांनी तोच बेत रद्द केला. मेडिकलवाले भाऊ, उपायाचं नाव घ्यायचंच नाही म्हणता, मग ही गोष्ट मी कशी सांगायची होती?

फिजिशियन_चाळीसगाव

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे. पण एक पायरी सगळ्यांनी गाळली आहे. ते क्लस्टर आहे हे कोणी ठरवलं?

एका बाजूला कळ आणि डोळ्यातून पाणी, एवढ्यावर रुग्ण एकमेकांचं निदान करतात. पण झटके २ ते ३० मिनिटांचे आणि दिवसातून बरेच जास्त वेळा येणारे असतील तर तो पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया हा वेगळाच आजार असू शकतो. त्याला इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधाने पूर्ण आराम पडतो, तर क्लस्टरला सहसा पडत नाही. काही सेकंदांची विजेसारखी कळ असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असेल. आणि क्वचित मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीजवळची गाठही हुबेहूब असंच दुखणं देते, म्हणून एकदा एमआरआय हवाच. गटाने 'तुझं आमच्यासारखंच आहे' असं म्हटलं की माणूस तपासणीच टाळतो. पहिल्यांदाच आलेली अचानक प्रचंड डोकेदुखी, ताप, मान आखडणं, हातापायातली ताकद जाणं, असं काही असेल तर गटात विचारत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

प्रतिबंधक औषधांचंही तसंच. व्हेरापामिलने चक्रातले झटके कमी होतात, पण मात्रा वाढवताना ईसीजी काढावा लागतो, हृदयाची गती बिघडू शकते. सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन झटक्यात चांगलं काम करतं, पण हृदयरोग असलेल्याला ते चालत नाही. हे 'मला लागू पडलं, तू पण घे' या भाषेत बोलायचे विषय नाहीत.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, निदान आधी हे मान्य. गटात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिला प्रश्न तोच विचारतो, न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं का? पण तो न्यूरॉलॉजिस्ट बहुतेकांना नाशिक, संभाजीनगर किंवा सुरतेत गाठावा लागतो. तळोद्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा मजूर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं सोडून तिथं कधी जातो? जेव्हा कोणीतरी त्याला सांगतं की 'हे पित्त नाही, याला नाव आहे, याला इलाज आहे.' ते सांगणारं माणूस आज तरी दवाखान्यात बसलेलं नाही, गटात आहे. तुमच्याकडे माणूस पोहोचण्याआधीचा रस्ता आम्ही चालवतो.

आणि साध्या गोष्टी बघा. चक्र चालू असताना दारूचा एक घोट झटका आणतो. हे गटात कळलं म्हणून लग्नसराईत मोहाची सोडणारे आमच्यात आहेत. चक्र संपल्यावर तीच दारू बाधत नाही, म्हणून घरच्यांना ते खोटं वाटतं. हे कुठल्या चिठ्ठीवर लिहून मिळतं?

चोपड्याची_सून

मी रुग्ण नाही, माझ्या घरधन्यांना आहे. तुम्ही सगळे औषधावर भांडताय, मला दुसरं सांगायचं आहे.

रात्री एकला ते उठतात आणि अंगणात फिरतात. मला जवळ येऊ देत नाहीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, 'पोऱ्याले बाहेरनं लागनं.' मुलं घाबरून माझ्या कुशीत. एकदा ते म्हणाले, असं जगण्यापेक्षा विहीर बरी. तेव्हा मी गटातल्या एका ताईंना फोन केला, त्यांच्या घरातही हेच. त्यांनी मला रागावलं नाही, उपदेश केला नाही. म्हणाल्या, 'झटका गेल्यावर त्यांच्याशी बोल, झटक्यात बोलू नकोस. विहिरीवर झाकण टाक, आणि १४४१६ ला फोन लाव.' तो टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आम्ही लावला.

गटात औषधांची नावं असोत नसोत, पण रात्री दीडला फोन उचलणारं माणूस असलंच पाहिजे. माझी एकच विनंती, बायकांनाही गटात घ्या. त्या माणसाच्या शेजारी जागणारी आम्हीच असतो.

वैद्य_अमळनेर

मी आयुर्वेदाचा पदवीधर, म्हणून बाजू मांडतो. सूर्यावर्त, अनंतवात, अर्धावभेदक अशी डोकेदुखीची वर्णनं आमच्या ग्रंथांत आहेत आणि नस्य हा त्यांवरचा प्रमुख उपचार आहे. रुग्णांना त्याने बरं वाटतं हे मी रोज पाहतो. 'चाचणी नाही' एवढ्यावर त्याला भगताच्या उताऱ्याच्या रांगेत बसवू नका.

मात्र एक गोष्ट मीही ठामपणे सांगेन. झटका चालू असताना नाकात तेल सोडू नका, नाक चोंदलेलंच असतं. आणि कशापासून बनली ते न लिहिलेली पुडी कोणी आयुर्वेदिक म्हणून दिली तर घेऊ नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

मेडिकलवाला_धुळे

वैद्यराज, पुडीबद्दल बोललात, आभार. पण 'बरं वाटतं हे रोज पाहतो' हाच तो सापळा. ज्या रुग्णाचं चक्र संपत आलं आहे त्याला तुम्ही काहीही दिलं तरी बरंच वाटणार. मेलाटोनिनसारख्या साध्या गोळीचीही १९९६ मध्ये चाचणी झाली, २० रुग्णांवर, निम्म्यांना खोटी गोळी देऊन. ती लहान होती, पण तुलना तरी होती. नस्याची तशी करा, मी पहिला रुग्ण पाठवतो.

आणि गिरणाकाठ दादा, परदेशी गटांमध्ये नशेच्या मशरूमची चर्चा चालते, ती उद्या तुमच्याकडे येणार. तेव्हा काय करणार?

गिरणाकाठ

ती आलीच आहे, म्हणून सांगतो काय केलं. आम्ही जे आहे ते सरळ लिहिलं. २००६ मध्ये अमेरिकेत ५३ रुग्णांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या, त्यांतल्या अनेकांनी या मशरूममधल्या सायलोसायबिनने झटके थांबल्याचं सांगितलं. पुढे खोट्या गोळीशी तुलना करणारी छोटी चाचणी झाली, तिच्यात ठाम निष्कर्ष निघण्याइतका फरक दिसला नाही. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि शेतात उगवलेलं भलतंच अळंबं खाल्लं तर यकृत जाऊन माणूस दगावू शकतो. एवढं वाचल्यावर विचारणाऱ्या पोराने विषय सोडला. आम्ही त्याला 'असलं विचारू नकोस' म्हटलं असतं, तर तो दुसरीकडे विचारायला गेला असता, आणि तिथे हे कोणी सांगितलं नसतं.

फिजिशियन_चाळीसगाव

मशरूमबद्दल हे असं लिहिणं मला मान्य आहे. तरी माझी अट कायम: गटात कोणत्याही गोळीची मात्रा लिहायची नाही. औषधाचं नाव लिहा, धोका लिहा, आकडा लिहू नका. आकडा दिसला की लोक तो उचलतात.

गिरणाकाठ

गोळ्यांच्या बाबतीत तुमची अट आजपासून पाळू. पण ऑक्सिजनचे आकडे आम्ही लिहिणार, कारण तिथे आकडा न लिहिल्यानेच नुकसान होतं. कोरोनानंतर गावोगावी मिनिटाला ५ लिटर देणारे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं) पडून आहेत. लोक ते लावतात, नाकात साधी नळी घालतात, गुण येत नाही, आणि 'ऑक्सिजनने काही होत नाही' म्हणून सोडून देतात. पाहिजे सिलिंडर, मिनिटाला १२ ते १५ लिटर देणारा रेग्युलेटर, आणि पिशवीवाला, झडपेचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. पुढे वाकून बसायचं आणि १५ ते २० मिनिटं घ्यायचा. १५०० लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला १२ लिटरने १५ मिनिटं वापरला तर ८ झटके पुरतो. म्हणजे वाईट चक्रात दोन-तीन दिवस. मोठा ७००० लिटरचा परवडतो, पण घरात ठेवायला जागा आणि आणायला गाडी लागते. जवळपास बिडी, चूल, देवाचा दिवा काही नको. दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मेडिकलवाला_धुळे

उपायांच्या बंदीवर माझं मत बदललेलं नाही. पण पिशवीवाल्या मास्कचं बरोबर आहे, आमच्याकडे मागणीच नसते म्हणून कोणी ठेवत नाही. मी दुकानात ठेवायला लागतो. १५ लिटरचा रेग्युलेटर साक्री आणि शिरपूरकडे कोणाकडे मिळतो तेही विचारून इथे टाकतो. डॉक्टरसाहेब, सिलिंडर भाड्याने देणारे चिठ्ठी मागतात. त्यावर प्रवाह आणि मास्कचा प्रकार स्पष्ट लिहून द्याल का? नुसतं 'ऑक्सिजन' लिहिलं की ते नळीच देतात.

फिजिशियन_चाळीसगाव

देईन. रुग्णाला एमआरआय आणि ईसीजीसकट पाठवा.