ब्लेंडर: क्रिटात बदललेलं टेक्श्चर आकृतीवर जुनंच दिसतंय

काठपदर (प्रश्न)

ब्लेंडर ४.२ (त्रिमितीय आकृत्या घडवायचं सॉफ्टवेअर) मध्ये नऊवारी नेसलेली एक उभी स्त्री-आकृती आहे. त्वचेचं टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) चार यूडिम टाइलवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या चौकोनी तुकड्यांवर आहे: १००१ चेहरा, १००२ धड, १००३ पाय, १००४ हात. प्रत्येक टाइल ४०९६ × ४०९६ पिक्सेल, आणि रंग, रफनेस (खरखरीतपणा), नॉर्मल (उंचसखलपणा) असे तीन मॅप. साडी जीएलबी फाइलमधून (मॉडेल आणि त्याच्या इमेज एकत्र असलेली फाइल) आणली आहे.

त्वचेचा रंग क्रिटात (चित्र रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दुरुस्त केला आणि साडीचा जरीचा काठ रुंद केला. इमेज एडिटरमध्ये ऑल्ट + आर दाबलं. त्यानंतर:

चेहरा, धड आणि पाय नवे दिसतात, हात मात्र जुनेच. साडीचा काठ ब्लेंडर बंद करून उघडलं तरी बदलत नाही. शिवाय रफनेस मॅप नोडमध्ये (मटेरियलच्या जोडणीतल्या चौकटीत) पुन्हा उघडून लावला, तर अंगाला तेल चोपडल्यासारखी त्वचा चकाकते. मानेवर जोडही दिसतो. कुठून सुरुवात करू?

उजेडसावली

हातांपासून करा. डिस्कवरची फाइल आणि ब्लेंडरच्या आतला इमेज ब्लॉक (ब्लेंडरने वाचून घेतलेली तिची प्रत) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑल्ट + आर म्हणजे रीलोड. एडिटरमध्ये जो ब्लॉक उघडा आहे तेवढाच तो पुन्हा वाचतो.

आधी फाइल खरंच बदलली का ते पाहा. क्रिटाच्या स्वतःच्या केआरए फाइलमध्ये काम करत असाल, तर कंट्रोल + एस दाबलं की तीच सेव्ह होते, पीएनजी नाही. पीएनजीसाठी दर वेळी एक्स्पोर्ट करावं लागतं, त्यामुळे चार टाइलमध्ये एखादी सुटणं अगदी सहज होतं. फोल्डरमध्ये १००४ च्या फाइलची वेळ बघा. नावही बघा: बाकीच्या तिघींच्या नावात आकड्याआधी टिंब असेल आणि हिच्यात अंडरस्कोर पडला असेल, तर ती त्या संचात धरलीच जात नाही.

फाइल ठीक असेल तर हातांच्या मटेरियलच्या इमेज टेक्श्चर नोडमधलं नाव वाचा. शेवटी .००१ लागलं असेल, तर तो वेगळा ब्लॉक आहे. मटेरियल दुसऱ्या फाइलमधून अपेंड केलं (उचलून आणलं) की असे ब्लॉक तयार होतात. नखांचं मटेरियल वेगळं असेल तर तेही तपासा, नाहीतर हात नवे आणि नखं जुन्या रंगाची राहतील. आउटलायनरमध्ये डिस्प्ले मोड ‘ब्लेंडर फाइल’ करा, इमेजेसमध्ये जुन्या ब्लॉकवर राइट क्लिक करून ‘रीमॅप युजर्स’ घ्या आणि योग्य ब्लॉक निवडा. मग फाइल > क्लीन अप मधून न वापरलेला डेटा काढून टाका.

एक सावधगिरी: ब्लेंडरच्या आत टेक्श्चर पेंटने काही रंगवलं असेल, तर रीलोडआधी ऑल्ट + एस दाबून ती इमेज सेव्ह करा. इमेज मेनूच्या नावापुढे तारा दिसतोय म्हणजे ती सेव्ह झालेली नाही. रीलोड केलं की ते रंगकाम गेलं. नुसती ब्लेंड फाइल सेव्ह केल्याने इमेज सेव्ह होत नाही.

जरतार

साडीचं कारण वेगळं आहे. जीएलबीतून आलेल्या इमेज ब्लेंड फाइलमध्येच पॅक होऊन बसतात. तुम्ही क्रिटातून जी पीएनजी काढली, तिच्याकडे ब्लेंडर बघतच नाही. त्याच्या दृष्टीने इमेज त्याच्या पोटात आहे. म्हणून बंद करून उघडण्यानेही फरक पडत नाही.

ब्लेंड फाइल आधी सेव्ह करा. मग फाइल > एक्स्टर्नल डेटा > अनपॅक रिसोर्सेस. इथे पर्याय नीट वाचा. ‘युज फाइल्स इन करंट डिरेक्टरी’ घेतलं तर फाइल नसेल तरच नवी बनते. ‘राइट फाइल्स... ओव्हरराइट’ घेतलं आणि टेक्श्चर्स फोल्डरमध्ये त्याच नावाची तुमची नवी फाइल असेल, तर पोटातली जुनी इमेज तिच्यावर लिहिली जाईल. अख्खं काम पुसलं जातं, म्हणून नव्या पीएनजीची प्रत आधी दुसरीकडे ठेवा.

अनपॅक झाल्यावर इमेज एडिटरमध्ये इमेज > रिप्लेस करून नवी फाइल द्या. रिप्लेसने ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे ती इमेज वापरणारी सगळी मटेरियल एकदम बदलतात. ‘ऑटोमॅटिकली पॅक रिसोर्सेस’ची खूणही काढा, नाहीतर सेव्ह करताना सगळं पुन्हा पॅक होईल.

आणि काठ रुंद करताना फक्त रंगाचा मॅप बदलला असेल, तर वाढलेली पट्टी जरीची न वाटता पिवळा रंग फासल्यासारखी दिसेल. जीएलबी ज्या जीएलटीएफ पद्धतीची फाइल आहे, तिच्यात रफनेस आणि मेटॅलिक (धातूपणा) एकाच इमेजमध्ये असतात: हिरव्या चॅनेलमध्ये रफनेस, निळ्यात मेटॅलिक. साडीला तसा मॅप असेल तर काठाची नवी सीमारेषा त्याच्या निळ्या-हिरव्या चॅनेलमध्येही तितकीच सरकवा. रंगाच्या मॅपवरचंच सिलेक्शन दोन्हीकडे वापरा, हाताने नव्याने आखू नका. एक-दोन पिक्सेलचा फरक जरीच्या कडेला काळपट रेघ होऊन उठतो.

उजेडसावली

चकाकी कलर स्पेसमुळे (इमेजमधले आकडे कसे वाचायचे त्या सेटिंगमुळे) आहे. फाइल नोडमध्ये नव्याने उघडली की ८-बिट पीएनजीला ब्लेंडर एसआरजीबी धरतो. रंगाच्या मॅपला ते बरोबर. रफनेस आणि नॉर्मलला ‘नॉन-कलर’च हवं. रफनेसमधला १२८ चा राखाडी म्हणजे ०.५ असायला हवा, एसआरजीबी समजून वाचला की तो ०.२१ च्या आसपास जातो. त्वचा ओली दिसणारच. नॉर्मल मॅपमध्ये हीच चूक असेल तर सपाट भागाचा १२८, १२८, २५५ हा रंगही तिरकी दिशा दाखवतो. मानेवरचा जोड त्यामुळेही उठून दिसू शकतो, तेव्हा आधी हे दुरुस्त करा आणि मग मानेकडे वळा.

कलर स्पेस ही नोडची नव्हे, इमेज ब्लॉकची सेटिंग आहे. एका नोडमध्ये बदलली की तोच ब्लॉक वापरणाऱ्या सगळ्या नोडमध्ये बदलते.

मूर्तीघर

त्यानंतरही मानेवर रेघ राहिली, तर रंग दुरुस्त करताना १००१ आणि १००२ ला वेगवेगळे कर्व्ह लागले असणार. चारही टाइल एकाच फिल्टर सेटिंगने न्या. क्रिटात पीएनजी एक्स्पोर्ट करताना अल्फा (पारदर्शकतेच्या) चॅनेलची खूण काढा आणि सर्वांत खालच्या लेयरवर सपाट त्वचारंग भरा. यूव्ही बेटाच्या (टाइलवर सपाट उलगडलेल्या त्वचेच्या तुकड्याच्या) बाहेर पारदर्शक जागा राहिली की तिचा काळा रंग कडेवर झिरपतो. ४०९६ च्या मॅपला बेटाबाहेर निदान १६ पिक्सेल रंग वाढवा. बारीक रेघ दुरून जास्त दिसत असेल तर हेच कारण समजा.

सगळं करूनही व्ह्यूपोर्टमध्ये त्वचा धूसर दिसली, तर प्रेफरन्सेस > व्ह्यूपोर्ट मधलं टेक्श्चरचं ‘लिमिट साइझ’ बघा. मात्र ते उगाच काढून टाकू नका. ४०९६ ची एक ८-बिट, चार चॅनेलची इमेज मेमरीत सुमारे ६४ एमबी घेते. तुमच्या त्वचेचे बारा मॅप म्हणजे ७६८ एमबी, साडी वेगळीच.

काठपदर

हातांच्या मटेरियलमध्ये .००१ होतं, रीमॅप करून गेलं. नॉन-कलर केल्यावर चकाकी गेली आणि मानेचा जोडही जवळजवळ दिसेनासा झाला. साडी अनपॅक करून रिप्लेस केली. निळ्या-हिरव्या चॅनेलचा मॅप सापडला, त्यात काठ जुन्याच रुंदीचा आहे. तो आता दुरुस्त करायला घेतो. एक राहिलं: हाताच्या शिरा वर उठण्याऐवजी आत गेल्यासारख्या दिसतात.

उजेडसावली

तो नॉर्मल मॅप डायरेक्टएक्स पद्धतीचा असावा. ब्लेंडरला ओपनजीएल पद्धत लागते, दोन्हींत हिरवा चॅनेल उलटा असतो. इमेज टेक्श्चर आणि नॉर्मल मॅप नोडच्या मध्ये सेपरेट कलर आणि कंबाइन कलर लावा, आणि फक्त हिरव्या तारेवर इन्व्हर्ट कलर टाका. बाकीच्या टाइल बरोबर दिसत असतील तर नोडला हात लावू नका, कारण यूडिममध्ये एकच नोड चारही टाइलना लागू होतो. अशा वेळी क्रिटात १००४ च्या नॉर्मल फाइलचाच हिरवा चॅनेल उलटा करून एक्स्पोर्ट करा आणि रीलोड करा.